बटन बंद केलं म्हणजे काय बंद झालं? छताच्या दिव्याचा घरगुती इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत छताचा दिवा बदलण्याचा विषय कुठून आला, असं मघाशी दोघातिघांनी हसत हसत विचारलं. त्यांचं बरोबर आहे. हे वायरमनचं काम. पण वायरमन जे करतो आणि आपण स्टुलावर चढून जे करतो त्यात एक फरक आहे, आणि तो फरक इतिहासातून आलेला आहे. आपण घरात काय म्हणतो? "बटन बंद कर आणि चढ." वायरमन एवढ्यावर चढत नाही. तो मेन स्विच काढतो, टेस्टर लावतो, वायर पुन्हा एकदा तपासतो. आपल्याला वाटतं तो वेळ काढतोय.

आजचं सगळं व्याख्यान त्या एका वाक्यावर आहे. "बटन बंद कर." बटन बंद केल्यावर नक्की काय बंद होतं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण त्याचं उत्तर तुमचं घर कधी बांधलं, कोणी वायरिंग केलं आणि नंतर त्यात काय काय जोडत गेलं यावर अवलंबून आहे.

सुरुवात गॅसपासून करावी लागेल. विजेच्या आधी मुंबईत गॅसचे दिवे होते. १८६० च्या दशकात रस्त्यांवर आले, मग श्रीमंतांच्या बंगल्यांत, क्लबांत, थिएटरांत. छताच्या मधोमध प्लास्टरचं नक्षीदार फूल असायचं आणि त्यातून नळी खाली यायची. त्या फुलाचं नाव आजही वायरमनच्या बोलण्यात आहे. आपण 'सीलिंग रोज' म्हणतो तो बॅकेलाइटचा किंवा प्लॅस्टिकचा गोल डबा, त्यातला 'रोज' तिथला. तर गॅसचा दिवा बंद करायचा म्हणजे कॉक फिरवायचा. कॉक फिरवला की त्याच्या पुढे गॅस नाही. नळी एकच, वाट एकच. आणि गळती झालीच तर वास यायचा.

वीज आली तेव्हा माणसांनी ती याच सवयीने वापरायला घेतली. स्विच म्हणजे विजेचा कॉक. पण इथेच एक गफलत आहे, मंडळी. दिव्याला तारा दोन जातात. एक फेज, एक न्यूट्रल. साधा स्विच त्यातली एकच तोडतो. एक तोडली तरी दिवा विझतो, दोन्हींतली कुठलीही तोडली तरी विझतो. म्हणजे दिवा विझला यावरून कुठली तार तुटली हे कळत नाही. आणि विजेला वास नाही. गॅसच्या जमान्यातली सवय विजेच्या जमान्यात आली, ती अजून आपल्या बोटांत आहे.

मुंबईत विजेचा पहिला प्रयोग झाला तो क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, १८८२ साली. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने मंडईत आणि काही रस्त्यांवर दिवे लावायचा करार केला. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं आणि मंडई पुन्हा गॅसवर गेली. नियमित पुरवठा यायला १९०५ साल उजाडलं. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपली नंतरची बेस्ट. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. ही सगळी मोठी कहाणी आहे आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. ट्राम, गिरण्या, धरणं. घरातल्या छताची कहाणी मात्र कोणी सांगत नाही.

ती समजायला आपल्याला जरा इंग्लंडात जावं लागेल, कारण आपल्या घरातल्या वायरिंगचे नियम, होल्डर, स्विच, बोलण्यातले शब्द, सगळं तिथून आलं.

लॉर्ड सॉल्सबरी हे नाव इतिहासवाल्यांना माहीत आहे. १८७४ ते १८७८ या काळात ते भारतमंत्री होते, पुढे पंतप्रधान झाले. या गृहस्थांना विज्ञानाचा भारी नाद. हॅटफील्ड हाऊस या आपल्या वाड्यात त्यांनी १८८० च्या सुमारास विजेचे दिवे बसवायला घेतले. लंडनमध्ये सार्वजनिक वीजपुरवठा सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तारा उघड्या होत्या. आवरण नाही, डबे नाहीत, छतावरून सरळ ओढलेल्या तारा. सॉल्सबरींच्या मुलीने, ग्वेंडोलेन सेसिलने, वडिलांचं चरित्र लिहिलं, त्यात या दिव्यांची हकिगत आहे. लाँग गॅलरी नावाच्या लांबलचक दालनात मंडळी बसली असताना छतावरच्या तारांनी पेट घेतला. घरच्या लोकांनी काय केलं असेल? खालून उशा फेकल्या. उशा मारून आग विझवली आणि पुन्हा गप्पा सुरू! (हशा)

हसू येतं खरं. पण त्याच हॅटफील्डच्या बागेत १८८१ च्या डिसेंबरात विल्यम डिमॉक नावाच्या तरुण मजुराचा विजेच्या तारेला हात लागून मृत्यू झाला. ब्रिटनमधल्या विजेने गेलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक. दालनातल्या आगीची गोष्ट घराण्याच्या आठवणीत गमतीची म्हणून राहिली. डिमॉकची गोष्ट मृत्यूच्या चौकशीच्या कागदात राहिली. दोन्ही गोष्टी एकाच वाड्यातल्या, एकाच यंत्रणेच्या. वीज वापरणारे आणि तारांजवळ काम करणारे हे तेव्हा वेगळे लोक होते, हे लक्षात ठेवा. आपण स्टुलावर चढतो तेव्हा दोघं एकच असतो.

आता पहिले नियम कोणी केले? सरकारने नाही. १८८२ साली लंडनच्या टेलिग्राफ इंजिनिअरांच्या संस्थेने नियम काढले आणि त्यांच्या शीर्षकातच होतं की हे आगीचा धोका टाळण्यासाठी आहेत. त्याच सुमारास फीनिक्स या आगविमा कंपनीनेही आपले नियम छापले. विमा कंपनीला कशाची काळजी? घर जळू नये याची. कारण भरपाई त्यांना द्यायची. त्यामुळे घरगुती विजेच्या सुरक्षेचा पाया आगीवर घातला गेला. माणसाला बसणारा झटका हा विचार नंतर आला, आणि फार नंतर आला.

फ्यूज हे त्याचं उत्तम उदाहरण. फ्यूज कशासाठी असतो, असं विचारलं तर दहातले नऊ जण म्हणतात, शॉक लागू नये म्हणून. नाही. फ्यूज तारेसाठी आहे. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट गेला तर तार तापेल, आग लागेल, त्याआधी फ्यूजची तार वितळते. एमसीबीचंही तेच. जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झ यांनी १९२४ साली घरगुती एमसीबी आणला, सोयीची वस्तू आहे, तार बदलत बसायला नको. पण कामाचं तत्त्व तेच, तारेचं रक्षण.

आता थोडा हिशोब करू. दिव्याच्या सर्किटवर समजा ५ अँपिअरचा फ्यूज आहे. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब २३० व्होल्टवर घेतो सुमारे ०.२६ अँपिअर, म्हणजे २६० मिलिअँपिअर. आणि माणसाला किती पुरतो? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं की हातात धरलेली तार माणूस किती करंटपर्यंत स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाले, स्त्रियांत साडेदहाच्या आसपास. त्यापुढे स्नायू आवळतात आणि बोटं उघडत नाहीत. आपल्याकडे म्हणतात ना, "तो करंटला चिकटला". करंट ओढून घेत नाही, आपलीच मूठ सुटत नाही. आज आपण लावतो तो ९ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. त्याला लागतात चाळीसएक मिलिअँपिअर. म्हणजे असा छोटा दिवा पेटवायला जेवढा करंट लागतो, तेवढ्याने माणूस चिकटू शकतो. आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही नाही. त्याच्या दृष्टीने घरात आणखी एक बल्ब लागला, इतकंच.

शिवाय छताचं काम वेगळं आहे. चिकटायची गरजच नाही. नुसता झटका बसला की माणूस हात मागे घेतो, तोल जातो आणि स्टुलावरून पडतो. झटक्याने काही झालं नाही, पण फरशीवर डोकं आपटलं, अशा घटना ऐकलेल्या नाहीत असं घर सापडणार नाही.

हे डॅलझील पुढे १९६१ साली एक उपकरण घेऊन आले, जे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतं. हिशोब जुळला नाही, म्हणजे वाटेत कुठे तरी जमिनीकडे गळती आहे, कदाचित माणसातून, तर लगेच तोडतं. असंच काम करणारा, आपल्याकडे मिळणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. लोक त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. माणसासाठी बनवलेलं घरातलं हे संरक्षक उपकरण. हॅटफील्डनंतर ऐंशी वर्षांनी आलेलं. आपल्या नियमांत त्याची सक्ती आली ती आधी ५ किलोवॉट आणि त्यावरच्या जोडण्यांना. दोन खोल्यांच्या घराला ती लागू नव्हती. त्यामुळे ज्या घरात वायरिंग सर्वांत जुनं तिथे हे उपकरण नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. आणि असलं तरी एक लक्षात घ्या. सुक्या लाकडी स्टुलावर उभं राहून एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागली, तर आरसीसीबीच्या दृष्टीने हिशोब जुळतो. गेलं तेवढं परत आलं. तो गप्प राहील.

आता वळू मूळ प्रश्नाकडे. स्विच कुठल्या तारेत?

सुरुवातीचे स्विच नुसते पट्टीचे होते, हळू उघडायचे, आणि डीसी करंट असल्याने उघडताना ठिणगी लांबत जायची. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली स्प्रिंगने झटकन तुटणारा स्विच काढला. त्याचा तो 'टक्' आवाज. आपल्याकडे जुने लोक स्विचला खटका म्हणायचे, ते किती नेमकं आहे बघा. आवाज झाला म्हणजे तुटलं असा विश्वास त्या खटक्याने दिला. पण काय तुटलं, हे तो सांगत नव्हता.

जुन्या काळात दोन्ही तारांवर फ्यूज ठेवायची पद्धत होती. फेजवर एक, न्यूट्रलवर एक. दुप्पट सुरक्षा, असं वाटायचं. प्रत्यक्षात उलट. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवे गेले, घरात अंधार, आणि छतातल्या होल्डरपर्यंत फेज जिवंत. माणूस म्हणतो, लाइट गेले, बरं झालं, आता होल्डर बघून घेऊ. हे ओळखून १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या नियम ३२ ने सांगितलं की जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलमध्ये एकट्याने चालणारा स्विच किंवा फ्यूज घालायचा नाही. घालायचाच तर फेजबरोबर एकाच वेळी तुटणारा जोडस्विच हवा. एका ओळीचा, कंटाळवाणा वाटणारा नियम. माझ्या मते घरातल्या माणसाच्या दृष्टीने त्या अख्ख्या पुस्तकातला सर्वांत मोलाचा.

पण नियम झाला म्हणून घरं बदलली का? १९५६ च्या आधीची वायरिंग होती तशीच राहिली. आणि नंतरच्याही घरांत, घाईत, रंग न बघता, न्यूट्रलमध्ये स्विच बसलेले हजारो सापडतात. पिवळ्या बल्बच्या काळात हे कळायचंच नाही. दिवा लागतो, विझतो, झालं. गंमत अशी की ही जुनी चूक उघड केली ती एलईडीने. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. मग लोक विचारायला लागले, "बटन बंद आहे तरी रात्री दिवा मंद मंद का जळतो?" याची कारणं एकाहून जास्त असतात. स्विचमध्ये छोटा निऑनचा दिवा असेल तर त्यातून थोडा करंट झिरपतो. शेजारच्या तारांमुळेही कधी होतं. पण एक कारण हे की स्विच न्यूट्रलमध्ये आहे आणि फेज सतत होल्डरमध्ये उभी आहे. पिवळ्या बल्बला एवढासा करंट दिसत नव्हता. एलईडीला दिसतो. तुमच्या घरात असा दिवा असेल तर तो बदलायला चढण्याआधी एकदा वायरमनला स्विचबोर्ड उघडून बघायला सांगा.

होल्डरचंही असंच. आपल्याकडे ब्रिटिशांमुळे खटक्याचा, दोन टाचण्यांचा बल्ब आला. अमेरिकेत एडिसनचा आट्यांचा. आट्यांच्या होल्डरमध्ये बाहेरची पितळी वाटी हीच एक जोडणी असते. तिच्यावर न्यूट्रल यायला हवी आणि फेज तळाच्या मधल्या टोकावर. उलट जोडलं तर बल्ब फिरवताना बोटाला फेज लागते. पूर्वी आट्यांचा होल्डर आपल्या घरात क्वचित दिसायचा. आता झुंबरं, लटकणारे दिवे, शोभेचे दिवे आले आणि त्यातले बरेच आट्यांचे. जोडताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते, जी आपल्या आजोबांना ठेवावी लागली नाही.

कायद्याची एक गंमत सांगतो. त्याच १९५६ च्या नियमांतला नियम ४५ म्हणत होता की विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं. पण अपवाद होता. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलणं, जोवर त्याने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही तोवर, यातून वगळलं होतं. २०१० च्या नियमांतही हा अपवाद राहिला. म्हणजे कायद्याने घरातल्या माणसाला विजेत हात घालायला जी थोडी जागा दिली, त्यात छताचा दिवा आहे. होल्डर काढून होल्डर लावला, चालेल. पण एका होल्डरच्या जागी आठ दिव्यांचं धातूचं झुंबर लावायचं, त्यासाठी छतापर्यंत अर्थची नवी तार ओढायची, तर ते स्वरूप बदलणं झालं. ते काम परवान्याचं. ही रेघ कायद्याने शहाणपणाने ओढली आहे असं मला वाटतं, आणि ती बहुतेकांना माहीत नसते.

आता छतात दडलंय काय ते बघू. हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो, कारण आपलं छत म्हणजे उत्खननाचे थर आहेत.

सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत जुना थर, रबराचा. तांब्याच्या तारेवर रबर, त्यावर सुती विणकाम, आणि भिंतीवर सागवानी पट्टीला पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेली. किंवा लाकडी खोबणीत घालून वर झाकणपट्टी, ज्याला केसिंग-कॅपिंग म्हणतात. जुन्या चाळींत, वाड्यांत ही पट्टी अजून दिसते, वर रंगाचे दहा हात चढलेले. रबराचं शत्रू ऊन नाही, दिवा. बल्बची उष्णता वर जाते आणि होल्डरच्या वरची वीतभर वायर वर्षानुवर्षं भाजत राहते. रबर कडक होतं, भेगाळतं. जोवर हात लावत नाही तोवर ते जागच्या जागी उभं असतं. तुम्ही जुना होल्डर सोडवायला वायर वाकवली की आवरण बोटांत भुगा होऊन येतं आणि तार उघडी. शंभर वर्षांच्या कागदासारखं. असं झालं तर तिथेच थांबायचं. टेप गुंडाळून पुढे जायचं नाही, कारण जे तुम्हाला दिसलं तसंच आत न दिसणारंही आहे.

त्यावरचा थर पीव्हीसीचा. स्वातंत्र्यानंतर हळूहळू आला आणि रबर गेलं. पण त्यात एक अध्याय अॅल्युमिनियमचा आहे. तांबं महाग आणि आयातीचं, म्हणून काही दशकं आपल्याकडे घरांतसुद्धा अॅल्युमिनियमची वायर सर्रास वापरली गेली. ती स्क्रूखाली ढिली होत जाते, दोनचारदा वाकवली की तुटते, आणि नव्या झुंबराच्या तांब्याच्या तारेला नुसती पीळ मारून जोडली तर सांधा तापतो. पांढुरकी, हलकी, चटकन वाकणारी तार दिसली तर ती अॅल्युमिनियमची समजा आणि योग्य कनेक्टरशिवाय जोडू नका.

आणि रंग. आपल्याकडे पक्क्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. नव्या दिव्याबरोबर येणाऱ्या लवचीक वायरमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थ हिरवी-पिवळी. निळा रंग बघा. दिव्याच्या वायरमध्ये तो न्यूट्रल आहे, तीन फेजच्या घराच्या वायरिंगमध्ये तो जिवंत फेज असू शकतो. "निळ्याला निळी जोडली" हे ऐकायला किती छान वाटतं! रंग हा वायरमनाने वायरमनाला लिहिलेला निरोप आहे. लिहिणाऱ्याकडे त्या दिवशी काळी वायर संपली असेल तर निरोप चुकीचा असतो.

सर्वांत वरचा थर अलीकडचा, आणि तो वायरचा नाही. इन्व्हर्टरचा. २००५ च्या आसपासची भारनियमनाची वर्षं आठवतात ना? खेड्यांत बारा-बारा तास, शहरांत चार-पाच. त्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आला. भारनियमन कमी झालं, इन्व्हर्टर राहिला. आता इतके दिवस आपण ज्या मेन स्विचवर भरवसा ठेवला त्याचं काय झालं बघा. तुम्ही मेन बंद केला. इन्व्हर्टरला काय कळतं? लाइट गेले. तो त्याच्या कामाला लागतो आणि क्षणात दिव्या-पंख्यांना बॅटरीवरून २३० व्होल्ट देतो. म्हणजे मेन बंद करून तुम्ही छतातली वीज तोडली नाहीत, तिचं उगमस्थान बदललंत. उलट नुसता इन्व्हर्टर बंद केला आणि मेन चालू ठेवला, तर त्याच्यातूनच मेनची वीज सरळ पुढे जाते. दोन्ही बंद करायला हवेत. सौर पॅनेलला बॅटरी जोडलेली असेल तर तीही. १९५६ च्या नियमाने ज्या घराची कल्पना केली होती त्या घरात वीज एकाच दिशेने यायची. आपल्या घरात तसं राहिलेलं नाही.

तर हे सगळं डोक्यात ठेवून दिवा बदलायचा कसा? दिवसाउजेडी. भिंतीवरचं बटन बंद, मेन बंद, इन्व्हर्टर बंद. जुन्या घरात चिनी मातीचे फ्यूज असतात, किटकॅट. जुने वायरमन फ्यूज काढून खिशात घालून चढायचे, म्हणजे खालून कोणी "लाइट का गेले" म्हणत परत बसवू शकत नाही. चाळीत जिन्याखाली सगळ्यांचे मीटर एकत्र, तिथे तर ही पद्धत हवीच. एमसीबी खिशात घालता येत नाही, तेव्हा त्यावर टेप आणि चिठ्ठी लावा, आणि घरातल्या एकाला तिथे उभं करा.

मग टेस्टर. नेहमीचा पेनसारखा टेस्टर आपल्याच शरीरातून थोडा करंट जमिनीकडे नेऊन पेटतो. सुक्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या शिडीवर, दिवसाच्या उजेडात तो नीट पेटलेला दिसेलच असं नाही. दोन टोकांचा टेस्टर किंवा मल्टिमीटर बरा. कुठलाही घ्या, आधी तो चालू जागी, शेजारच्या सॉकेटवर, लावून चालतो का बघा. हे मेन बंद करण्याआधी. मग छतातल्या सगळ्या तारा तपासा, न्यूट्रलसुद्धा, अर्थसुद्धा. मग पुन्हा चालू जागी लावून बघा, की मधल्या काळात टेस्टरच मेला नाही ना. घरातला सगळा पुरवठा बंद असेल तर यासाठी जिन्यातलं किंवा शेजारचं सॉकेट वापरा. हे तीनदा तपासणं ज्याला अतिरेक वाटतं, त्याने वरचे सगळे थर आठवावेत.

जुनं फिटिंग सोडवण्याआधी मोबाइलवर जोडणीचा फोटो काढा. पूर्वी वायरमन तारांना दोरे बांधायचे, हा फोटो म्हणजे तोच दोरा. नव्या दिव्याचं वजन वायरवर येऊ देऊ नका, ते हुकावर किंवा स्लॅबमधल्या पक्क्या स्क्रूवर. पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर झुंबर लटकवणं हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. धातूच्या अंगाचा दिवा असेल आणि छतात अर्थ नसेल, फक्त दोनच तारा असतील, तर तो दिवा तिथे लावू नये. एकात एक दोन चौकोनांची खूण असलेला, दुहेरी आवरणाचा दिवा घ्या, किंवा परवानाधारक माणसाकडून अर्थ ओढून घ्या.

मध्यंतरात एक चिठ्ठी आली होती, ती घेतो आणि थांबतो. ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी कोणी इंग्लंडहून विचारलं आहे: "इथल्या घराचा दिवा काढला तर छतात दोनऐवजी सहा-सात तारा निघाल्या, तीन काळ्या. सगळ्या काळ्या एकत्र जोडायच्या का?"

नाही, अजिबात नाही. तिकडे पुष्कळ घरांत वीज आधी छताच्या डब्यात येते, तिथून पुढच्या दिव्याला जाते, आणि तिथूनच एक जोडी खाली स्विचकडे उतरते. आपल्याकडे ही वाटणी बहुधा स्विचबोर्डात होते, म्हणून आपल्याला छतात एवढ्या तारा दिसत नाहीत. त्या स्विचच्या जोडीतली काळी तार न्यूट्रल नाही. ती स्विचमधून परत आलेली फेज आहे. तिला लाल टेपची खूण असायला हवी, पुष्कळदा नसते. सगळ्या काळ्या एकत्र जोडल्या तर बटन दाबताच सरळ शॉर्टसर्किट. आणि २००४ ते २००६ या काळात तिथे रंग बदलले, लाल-काळ्याच्या जागी तपकिरी-निळा आला, त्यामुळे एकाच घरात दोन्ही असू शकतात. तुम्ही जुना दिवा सोडवण्याआधी फोटो काढला असेल तर त्यात दिव्याच्या न्यूट्रलला कुठल्या काळ्या जोडल्या होत्या आणि कुठली एकटी होती ते दिसेल. ती एकटी, ती स्विचची. फोटो काढला नसेल तर तारा सुट्या ठेवून प्रत्येकीला कनेक्टर लावा, मेन बंदच राहू द्या, आणि उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.